अनूच्या वाटणीची भाकरी

कांजिरप्पळ्ळी,
शनिवार, ४ एप्रिल २०१५

सौ. अक्कास,

नरूचा नमस्कार, आणि नमस्काराला जोडून एक तक्रार.

तक्रार गंभीर आहे, तेव्हा चष्मा लावून वाच. गेले सात आठवडे मला दूध घातलेला चहा मिळालेला नाही. इथल्या ख्रिस्ती मंडळींचा मोठा उपास चालू आहे. मांस बंद, मासे बंद, अंडी बंद, आणि या सगळ्या पापी पदार्थांच्या पंगतीत कुणीतरी दुधालाही नेऊन बसवलं आहे. आता मी कृष्णाकाठच्या वैदिकाचा मुलगा. या घरी जावई होऊन आलो तेव्हा मला मासे खायला यांनीच शिकवलं, आणि जिभेला एकदा चटक लागल्यावर दर वर्षी सात आठवडे मला परत ब्राह्मण करून ठेवतात. सारम्माला म्हटलं, "उपास तुमचा आहे. माझं दुधाशी काही भांडण नाही." ती म्हणाली, "घरातलं मांजरसुद्धा मुकाट्यानं भात खातंय. तक्रार तुमचीच आहे." सत्तावीस वर्षं संस्कृत शिकवून बायकोच्या लेखी आपण मांजराच्या खाली येतो, हे तुझ्या भगिनी मंडळाला अवश्य सांग.

तुझं पत्र पोचलं. मंडळात 'धर्मांची ओळख' अशी व्याख्यानमाला निघाली आणि चिठ्ठ्या टाकल्यावर तुझ्या वाट्याला ख्रिस्ती धर्म आला, हे वाचून बरं वाटलं. माझ्या लग्नाला आई गंगाजळाचा गडू घेऊन आली होती आणि तू तोंड पाडून, ते आठवलं. आता त्याच तोंडानं तुला येशूवर अर्धा तास बोलायचं आहे. देवाला विनोद कळतो, हे दोन्ही धर्मांत सिद्ध झालं.

दोन पानांत, सोपं, आणि संस्कृत न घालता लिहून पाठव, अशी तुझी आज्ञा आहे. पाळायचा प्रयत्न करतो. पत्राच्या शेवटी तू विचारलं आहेस की अनू नोकरीवर रुळली का आणि वेळच्या वेळी फोन करते का. त्याचं उत्तरही शेवटी देतो. फोन माझ्या उजव्या हाताशी आहे. या आठवड्यात या घरात पोटभर जेवतोय तो एक फोनच, सारखा चार्जिंगला लावलेला. तिकडची लाइन बंद आहे आणि तिचा फोन आलेला नाही, एवढं आत्ता समजून घे आणि वही काढ.

सुरुवात एका सुताराच्या घरापासून कर. पॅलेस्टाइन नावाचा लहानसा मुलूख, त्यावर रोमचं राज्य, लोक यहुदी. त्या यहुद्यांचा एक देव. त्याची मूर्ती नाही, बायको नाही, वाहन नाही. त्यांना असं वचन होतं की कुणीतरी येईल आणि आपल्याला सोडवील. त्या लोकांत हा येशू जन्मला. वाढला, तिशीपर्यंत रंधा मारला आणि मग उठून गावोगाव बोलत सुटला. काय बोलला? तर देव हा बाप आहे, हिशेब ठेवणारा सावकार नाही. हरवलेल्या एका मेंढरासाठी तो उरलेला कळप सोडून रानात शिरतो. शत्रूवर प्रेम करा. क्षमा करा, आणि ती किती वेळा करायची हे मोजू नका. महारोग्यांना हात लावला, बदनाम बायांच्या घरी जेवला, आणि देवळातल्या शहाण्यासुरत्या लोकांना नाही नाही ते बोलला. असा माणूस फार दिवस जगत नाही. तीन वर्षांत त्याला क्रूसावर चढवला.

शत्रूवर प्रेम करण्याबद्दल कुणी शंका काढली तर माझ्या मेव्हण्याचं उदाहरण देऊ नकोस. जॉयकुट्टीचं आणि त्याच्या चुलतभावाचं रबराच्या बागेतल्या बांधावरून अकरा वर्षं वाजलेलं आहे. दोघं दर रविवारी एका बाकावर बसतात. मध्ये फक्त छत्री असते.

आता श्रद्धा. पहिली ही की तो येशू म्हणजे स्वतः देव, माणूस होऊन आलेला. तुझ्या मैत्रिणी म्हणतील, त्यात काय, आपल्याकडे दहा आहेत. त्यांना सांग की आपले अवतार येतात, राक्षस मारतात आणि निघून जातात. हा राक्षस मारायला आलाच नाही. हा मरायला आला. दुसरी गोष्ट पापाची. ज्याचं ओझं त्यानं वाहावं, या जन्मी नाही तर पुढच्या, हा आपला कायदा. यांचं म्हणणं, माणसाला ते पेलणारच नाही, म्हणून त्या एकानं सगळ्यांचं उचललं आणि तो त्याच्याखाली मेला. तिसरी, देव एकच आहे आणि तो तीन आहे: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. हे कसं, ते मी आमच्या फादर कुरियाकोसांना लग्नानंतर लगेच विचारलं होतं. ते म्हणाले, "सर, तुमच्याकडे तेहतीस कोटी आहेत. आमच्या तिघांचीच झडती का घेता?" तेव्हापासून मी विचारलेलं नाही. तूही त्यात शिरू नकोस.

चौथी श्रद्धा सगळ्यांत मोठी, तीवर बाकीचा डोलारा उभा आहे. तिकडे येतोच.

मध्ये थांबलो होतो. फोन वाजला. सारम्मा मागच्या अंगणातून धावत आली, पायात चप्पल नाही, हातात बदकाची पिसं. कंपनीतून बाई बोलत होती. तुम्हांला फोन करणाऱ्याला ऐकू येणारं गाणं बदलायचं आहे का, असं विचारत होती. मी नको म्हटलं. सारम्मा परत पिसं काढायला गेली. बदक उद्याच्या सणाचं आहे. ते खास अनूला आवडतं.

हे असं अर्धवट लिहून चालायचं नाही, तेव्हा सांगतो. तुझी समजूत आहे की अनू दुबईला आहे. तुझ्या लेखी समुद्रापलीकडचं सगळं दुबईच, आणि तेव्हा मीही फोड करून सांगितलं नाही. ती ऑगस्टपासून एडनला आहे. यमनमध्ये. आता तुला टीव्हीवर पाहिलेलं युद्ध आठवेल. हो, तेच.

शेवटचा फोन आला तो गेल्या आठवड्यातल्या शुक्रवारी. म्हणाली, "बाबा, इथं दिवाळी चालू आहे, नुसते फटाके." मी म्हटलं, "लवंगी का सुतळी?" ती म्हणाली, "दोन्ही. तुम्हांला दुधाचा चहा मिळाला की नाही अजून?" म्हटलं, "कसला मिळतोय." ती म्हणाली, "ईस्टरला सकाळी दुधाचा चहा घेऊन बसा. मी फोन करते, आणि तो पिताना आवाज करा, मला ऐकू आला पाहिजे." मग लाइन गेली. तेव्हापासून नाही.

सरकार आपली माणसं बोटीनं पलीकडच्या किनाऱ्याला आणि तिथून विमानानं काढतं आहे. गुरुवारी उजाडायच्या आत पहिलं विमान कोचीला उतरलं. जॉयकुट्टी विमानतळावर गेला होता. त्यातून अनूच्याच वॉर्डातली लिंटा नावाची नर्स उतरली. तिनं सांगितलं की बंदरावर न्यायला गाडी आली तेव्हा अनू म्हणाली, तू हो पुढे, नऊ नंबरच्या म्हातारीला ऑक्सिजन लावलाय, तिच्याजवळ कुणी आलं की मी मागच्या गाडीनं येते. मागची गाडी आली की नाही ते लिंटाला माहीत नाही. तिची बोट सुटली होती.

जॉयकुट्टीनं हे सांगितल्यावर सारम्मानं एवढंच विचारलं, "म्हातारीजवळ कुणी आलं का?" तेही लिंटाला माहीत नव्हतं.

घाबरू नकोस. म्हणजे घाबर, पण मंडळात बोलू नकोस. आता पुढे लिहून घे, कारण पुढचं नेमकं त्याच गुरुवारचं आहे.

हा गुरुवार म्हणजे पेसहा. सण मूळ यहुद्यांचा, ख्रिस्ताच्याही कितीतरी आधीचा. ते मिसर देशात गुलाम होते. देवानं त्यांना सांगितलं, आज रात्री मृत्यू या देशातून फिरणार आहे. कोकरू कापा आणि त्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावा. ज्या दारावर खूण दिसेल ते दार तो ओलांडून पुढे जाईल. पेसहा म्हणजे ते ओलांडून जाणं. पहाटे सगळे पळाले. पीठ फुगायला वेळ नव्हता, म्हणून भाकरी तशीच बिनआंबवलेली. त्याची आठवण म्हणून ते दर वर्षी तसं जेवण करीत. येशूनं आपल्या बारा शिष्यांबरोबर शेवटचं जेवण केलं ते हेच. भाकरी मोडली आणि म्हणाला, हे माझं शरीर आहे. दुसऱ्या दिवशी त्याला मारलं. चर्चमध्ये जी वडीसारखी पातळ चकती जिभेवर ठेवतात, तिचं मूळ हे.

इथल्या लोकांनी मात्र एक गोष्ट केली. चर्चमधलं चर्चमध्ये ठेवून ते जेवण घरीही ठेवलं. तांदूळ, उडीद आणि नारळ वाटून, आंबू न देता वाफवलेली जाड भाकरी. वर आदल्या रविवारी चर्चमधून आणलेल्या झावळीच्या पात्यांचा क्रूस. सोबत गूळ घातलेलं नारळाचं दूध. संध्याकाळी घरातला कर्ता पुरुष प्रार्थना म्हणतो, भाकरी मोडतो आणि थोरापासून धाकट्यापर्यंत एकेकाच्या हातावर ठेवतो. जो ख्रिस्ती नाही त्याला ही क्रूसाची भाकरी देत नाहीत. त्याच्यासाठी क्रूस न ठेवता वेगळी साधी वाफवतात. मी दर वर्षी ती साधी खातो. मी त्याला दुय्यम नागरिकत्व म्हणतो. सासरे, म्हणजे अप्पच्चन, म्हणतात, आरक्षण समज.

आणि एक नियम आहे. वर्षभरात ज्या घरातलं कुणी गेलं असेल, त्या घरी त्या वर्षी ही भाकरी करत नाहीत. शेजारीपाजारी आपल्या घरातली आणून देतात. आपल्याकडे सुतकाच्या घरी पिठलं-भात पोचवतात तसं.

सारम्मा गुरुवारी दुपारपासून स्वयंपाकघरात होती. वाफवताना भाकरीला तडा गेला तर घरावर काहीतरी येतं, असं इथल्या बाया मानतात. सारम्मा बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. तिचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण झाकण उघडायच्या वेळी तिनं मला बाहेर काढलं. "तुमचा श्वास लागतो," म्हणाली. मग बऱ्याच वेळानं आतून हाक आली, "या. बघून घ्या. एक रेघ नाही."

मी पाहिलं. रेघ नव्हती. क्रूस मधोमध बसला होता. तिनं ती भाकरी मला अशी दाखवली जशी अनूला जन्मल्यावर पहिल्यांदा दाखवली होती.

संध्याकाळी अप्पच्चन पांढरं मुंडू नेसून तक्क्याला बसले, समई लावली, पोथी उघडली. ती ते उघडी ठेवतात फक्त. दिसत नाही, पाठ आहे. तेवढ्यात पडवीत कुणी खाकरलं. पेण्णम्मा चेडत्ती. चेडत्ती म्हणजे मोठी वहिनी. निम्म्या गावाची ती चेडत्ती आहे. अनूच्या बाप्तिस्म्याला तिला मांडीवर घेऊन बसली होती ती हीच. हातात स्टीलचा डबा, वर केळीचं पान.

"आत या ना," सारम्मा म्हणाली.

"नको पोरी, घरी सगळे खोळंबलेत. हे तेवढं ठेवून घे. अप्पच्चनना लागेल."

"काय आहे?"

"थोडी भाकरी. थोडं दूध."

सारम्मानं हात पुढे केला नाही. म्हणाली, "आमच्याकडे केलीय, चेडत्ती."

म्हातारीनं तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. समई, पाट, पाटावरची भाकरी. क्रूससुद्धा दिसला असणार.

"केलीस होय," ती म्हणाली. "मला वाटलं, या वर्षी..."

"या वर्षी काय?"

"धावपळीत जमलं नसेल."

"धावपळीत जमलं नाही म्हणून आजवर कुणी कुणाला पेसहाची भाकरी नेऊन दिलीय, चेडत्ती?"

आतून अप्पच्चन म्हणाले, "कोण, पेण्णम्मा का? तिला बसव."

"बसत नाही म्हणतेय."

"मग उभं राहायला काय घेतेस, म्हणावं."

एरवी यावर पेण्णम्मा हसली असती. दोघांची चेष्टा पन्नास वर्षांची आहे. ती रडवेली झाली. म्हणाली, "पोरी, माझं चुकलं. सकाळी चर्चच्या पायरीवर बाया बोलत होत्या. लिंटा आली, अनू नाही आली. तिकडे कुठलंसं हॉस्पिटल पडलं म्हणे. मला वाटलं, तुम्हांला कळलंय आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही."

"कोण बोलत होतं? नाव सांगा." सारम्माचा वर्गातला आवाज.

"कुणी नाही गं. असंच."

"कुठलं हॉस्पिटल?"

"मला काय ठाऊक? मी कधी कोट्टयमच्या पुढे गेलेय का?"

"मग काय ठाऊक आहे तुम्हांला?"

मी तिथे उभा होतो, अक्का. काव्य, व्याकरण आणि न्याय या तिन्ही विषयांचा प्राध्यापक, आणि दोन बायांच्या मधल्या एका स्टीलच्या डब्याचं काय करावं हे मला सुचत नव्हतं. घ्यावा तर आम्ही अनूला गेली म्हणून मोकळे झालो. परत द्यावा तर ही बाई माया करायला आली होती, आणि भरला डबा घेऊन अंधारातून घरी कशी जाणार? शेवटी तिनंच तो पडवीच्या कठड्यावर ठेवला, सारम्माच्या गालाला हात लावला आणि गेली. डबा कुणी आत आणला नाही, कुणी टाकलाही नाही. काल मुंग्यांनी निकाल लावला. रिकामा डबा घासून परत पाठवायचा आहे. तो कोण घेऊन जाणार, यावर आमच्यात अजून बोलणं झालेलं नाही.

सारम्मा आत येऊन बसली. अप्पच्चननी सगळं ऐकलं होतं. डोळे गेलेत, कान चोवीस वर्षांच्या पोराचे आहेत. त्यांनी प्रार्थना म्हटली. भाकरी मोडली. पहिला तुकडा स्वतः घेतला, दुसरा सारम्माला दिला, तिसरा मोडला आणि सवयीनं हात थोडा खाली, डावीकडे धरला. अनू तिथे बसते. गेल्या वर्षापर्यंत ती बंगळूरला होती आणि पेसहाला रजा काढून यायची. हात तसाच राहिला. सारम्मा जमिनीकडे बघत होती.

"नरहरी," अप्पच्चन म्हणाले, "तू घे. तिच्या वतीनं."

"अप्पच्चन, मला ही चालत नाही ना?"

"काय चालतं ते मला शिकवू नकोस. बाप आहेस ना तिचा? हात पुढे कर."

मी हात पुढे केला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. पण खाल्ला नाही. त्यांना दिसत नाही, सारम्माला दिसलं. नंतर भांडी आवरताना म्हणाली, "खाल्ला नाहीत?"

"तिचा आहे."

"मग ठेवा," ती म्हणाली आणि वाटी दिली.

तो तुकडा फ्रिजमध्ये आहे, लोणच्याच्या बरणीशेजारी. न आंबवलेली भाकरी इथल्या उकाड्यात फ्रिजमध्येही फार टिकत नाही. काल सकाळी बरा होता. आज वास घेऊन पाहिला. आंबायला लागला आहे. खाऊन टाकावा तर तिच्या वाटणीचं मी संपवलं असं होईल, टाकावा तर ते मनातही आणवत नाही. अशा वेळी काय करावं, याला यांच्या धर्मात काही वचन आहे का, हे फादरना विचारणार होतो. पण काल चर्चमध्ये त्यांनी "यमनमधल्या आपल्या मुलींसाठी" म्हणून प्रार्थना सांगितली आणि माझ्याकडे पाहायचं टाळलं. मग मीही टाळलं.

काल गुड फ्रायडे. गुरुवारनंतर चर्चची घंटा वाजवत नाहीत. लाकडावर लाकूड आपटतात, त्याचा आवाज कोरडा, एखादं दार वाऱ्यानं आपटावं तसा. क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेच्या आठवणीची फेरी, चालून झाल्यावर प्रत्येकाला कारल्याचा रस घोटभर देतात, कारण मरताना येशूनं पाणी मागितलं तर त्याला आंब, म्हणजे आंबट झालेली दारू, दिली होती. मग पेज आणि चवळीची उसळ. मी मागच्या बाकावर होतो. दर वर्षी असतो, आणि दर वर्षी एका जागी माझं लक्ष वेधतं. क्रूसावर तो देवाला, म्हणजे बापाला, विचारतो की मला का टाकलंस. बाप उत्तर देत नाही. दर वर्षी मला वाटायचं की लिहिणाऱ्यांनी हे वाक्य ठेवलं कसं, पुसून टाकता आलं असतं. काल पहिल्यांदा मी बापाच्या बाजूनं विचार केला. मूल विचारतंय आणि बापाला काही करता येत नाही. तो सर्वशक्तिमान आहे, असं यांची श्रद्धा सांगते. काल तरी मला तो माझ्यासारखा वाटला.

आता चौथी श्रद्धा, तुझ्या भाषणाचा कळस. शुक्रवारी मेला, पुरला. रविवारी पहाटे काही बाया अंगाला लावायची सुगंधी द्रव्यं घेऊन थडग्याशी गेल्या, तर दगड सरकलेला आणि आत कुणी नाही. तो उठला होता. बायांनी येऊन पुरुषांना सांगितलं आणि पुरुषांना ती बायकांची बडबड वाटली. त्यांतला एक थोमा. तो म्हणाला, जखमांत बोट घालून पाहीन तेव्हाच मानीन. आठवड्यानं येशू त्याच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, घाल बोट. हाच थोमा पुढे गलबतानं या किनाऱ्याला उतरला आणि त्यानं इथल्या घराण्यांना बाप्तिस्मा दिला, असं ही मंडळी मानतात. अप्पच्चनच्या घराण्याला त्यानं स्वतःच्या हातानं दिला. शेजारच्या घराण्यालाही स्वतःच्याच. आणि ही सगळी घराणी त्यापूर्वी नंबुद्री ब्राह्मण होती. एवढे नंबुद्री तेव्हा होते कुठे, हे मी विचारत नाही, जावई आहे. पण या लोकांचा मूळपुरुष एक संशयी माणूस आहे, हे मला फार आवडतं.

तर सारांश असा लिही: मेला, पुरला, तिसऱ्या दिवशी उठला. दर रविवारी चर्चमध्ये म्हणायच्या श्रद्धेच्या प्रतिज्ञेत याबद्दल एवढंच आहे. शुक्रवारबद्दल पानंच्या पानं आहेत, रविवारबद्दल आहेत. मधल्या शनिवारी त्याची आई कुठे होती, तिनं चूल पेटवली का, कुणी दाराशी काही आणून ठेवलं का, याबद्दल चकार शब्द नाही. आज तो शनिवार आहे.

तू संस्कृत नको म्हणालीस, पण एक शब्द घालतो. अनुपलब्धी. वस्तू दिसत नाही म्हणून ती नाही, असं ज्यावरून ठरवतात ते प्रमाण. दर वर्षी मी हे वर्गात शिकवतो. पुढच्या बाकावर कॉन्व्हेंटातल्या तीन सिस्टर बसतात, त्या लिहून घेतात. त्यांना सांगतो, घट दिसला नाही म्हणून घट नाही असं केव्हा म्हणता येईल? तो असता तर दिसलाच असता, एवढा उजेड असेल तेव्हाच. अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. फोन येत नाही, पण तिकडे तारा तुटल्यात, टॉवर पडलेत. अंधार आहे. म्हणून फोन न येण्यावरून काही सिद्ध होत नाही. हे मी सारम्माला तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "तुम्ही मला सांगताय की स्वतःला?" आणि बदकाला मसाला लावायला गेली.

शास्त्र बरोबर आहे. पण त्याची दुसरी बाजू मी वर्गात कधी बोललो नव्हतो. अंधारात घट नाही हे सिद्ध होत नाही, तसं आहे हेही होत नाही.

हे पत्र तुला बुधवार-गुरुवारी मिळेल. तोवर काहीतरी कळलेलं असेल, आणि तू वाचत असशील तेव्हा तुला आजच्या माझ्याहून जास्त माहीत असेल. भाषण चांगलं कर. शेवटी कुणी विचारलं की हे लोक खरंच मानतात का, मेलेला परत आला म्हणून, तर सांग की मानतात. मी पाहिलंय. उद्या पहाटे अख्खं गाव मेणबत्त्या घेऊन उभं राहील, घंटा वाजेल, पेण्णम्मा चेडत्ती सगळ्यांत मोठ्यानं गाईल, आणि जॉयकुट्टी चुलतभावाचा हात हातात घेईल, एक दिवसापुरता. सारम्मा पुढे असेल, मी मागच्या बाकावर. मग घरी येऊन सात आठवड्यांनी ती दुधाचा चहा करील. तो पुढ्यात घेऊन मी फोनजवळ बसेन, आणि पिताना आवाज करायचा आहे हे लक्षात ठेवीन.

अक्का, तो फोन येणार नाही, अशी मला भीती वाटते.

तुझा,
नरू